मालक ज्या विमानात मांडी घालून बसले, ते हुडकायला गेलो त्याची गोष्ट

आमचे मालक विमानात बसलेले आहेत. खाली, मांडी घालून. वरून मंठ्याची घरं काडेपेटीएवढी दिसली, असंही सांगायचे. तेव्हापासून लोक त्यांना ‘पायलट’ म्हणतात. “पायलट, विमानात सतरंजी होती का ओ?” असं विचारून विचारून माणसाचं पारावर जाणं बंद केलं. मंग मी ठरवलं, ते विमान हुडकायचं. खरं निघालं तर गावभर सांगायचं, खोटं निघालं तर घरातल्या घरात ठेवायचं.

लई वर्षांमागं जालन्याच्या एका भुसार शेठनं विमान कंपनी काढली होती. विमान मंठ्याजवळच्या माळावर एकदा उडवून पाह्यलं, उतरवलं, अन् कंपनी तिथंच आटोपली. फोटो मात्र हार घालून काढले. मी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला परभणीला गेल्ते. तेव्हा झालेली नातच आता हे टाइप करून राह्यली.

विमानाच्या खुर्च्या टेंभुर्णीच्या एका न्हाव्यानं घेतल्या, असं कळलं. मालकांना संगं घेतलं. मंठ्याहून एसटीनं जालना, तिथून जीप. जीपमध्ये पुढं बसा, मागं बसलं की टाळू छताला लागतो. दुकानात खरंच दोन खुर्च्या, पट्ट्यासकट.

“पट्टा कशाला रे दादा?”

“गिऱ्हाईक हललं की कान जातो, मावशी.”

मी बसून घेतलं. मऊ होती. आरशात मालकांचं तोंड दिसलं, पार उतरलेलं. विमानाला खुर्च्या होत्या, हे आता दोघांनीबी पाह्यलं होतं.

“चल घरी,” ते म्हणाले.

“विमानाचं धड शहागडला आहे म्हणतो हा. तेबी पाहू.”

रात्री जालन्यात पाहुण्यांकडं टेकलो. सकाळी अंबडवरून शहागड. गोदावरीचा पूल यायच्या आधी, ट्रकांच्या रांगेमागं, बिनपंखाचं विमान उभं. वर हॉटेलची पाटी, ‘फॅमिली रूम’. आत सतरंजी. मालकांनी तिच्यावर हात फिरवला. शेवभाजी झणझणीत होती, भाकरी गरम मागून घ्या.

हॉटेलवाला आधी शेठच्या ट्रकवर होता. मी विचारलं, “भाऊ, हे उडालं तेव्हा आत कोण होतं?”

“माणसं कुठली, मावशी. पहिल्या खेपेला माणसं घालायची कोणाची छाती? खुर्च्या काढल्या अन् माणसांच्या वजनाची ज्वारीची पोती छतापर्यंत भरली. एक पोतं फाटलं. विमानवाले साहेब म्हणले, तेवढ्याच वजनाचं काही टाका जल्दी. एक फेटेवाला बघत हुबा होता. काट्यावर चढवला, बराबर भरला.”

मालकांनी घास खाली ठेवला. “फेटा न्हाई, टोपी होती.”

हॉटेलवाला बघतच राह्यला. “म्हणजे ते पोतं तुम्ही?”

चहाचे पैसे त्यानं घेतले न्हाई.

आता मालक रोज पारावर जातात. ‘पायलट’ बंद झालं, ‘ज्वारी’ सुरू झालं, पण हसतात ते मालकांसंगं. एवढ्या मोठ्या कंपनीनं जन्मात एकच माणूस नेला, तोबी धान्य म्हणून, अन् तो आमच्या घरातला.

घरी आल्यावर मी विचारलं, “पोती छतापर्यंत होती, मंग खिडकीतून काडेपेटीएवढी घरं कशी दिसली?”

मालक म्हणाले, “उडालं तसे मी डोळेच मिटले होते.”

हे मी पारावर सांगितलं न्हाई. तुम्हीबी सांगू नका.