वाघोलीची हरित सोसायटी आणि माझे सांडगे

सगळ्यांत आधी आल्या त्या खालच्या मजल्यावरच्या कुमुदवहिनी. मी वाघोलीला मंदारकडे, म्हणजे माझ्या लेकाकडे, चार दिवस निघालेय हे त्यांना कळलं कसं, देव जाणे. शनिवार पेठेत पिशवीची चेन ओढली तरी ऐकू जातं. म्हणाल्या, "हरित सोसायटी ना? मग चहा तरी गॅसवर करतात का?" मागोमाग जोशीकाकू. त्यांना येताना कढीपत्ता हवा होता. हरित म्हटल्यावर तेवढा असणारच.

रिक्षावाल्याने चारशे सांगितले. म्हटलं, मला नगरला नाही जायचंय. मनपावरून बस धरली. खराडीला ती इतका वेळ उभी राहिली की शेजारच्या बाईंची मेथीची जुडी निवडून झाली, त्यात अर्धी मी निवडली. तुम्ही जाणार असाल तर पाणी घ्या आणि लवकर निघा. उतरल्यावर समोर वडापाव चांगला मिळतो, मिरची मात्र मागावी लागते.

सोसायटी सुरेख हो. खोटं कशाला सांगू, मला फार आवडली. भिंतींवर झाडं चढवलीत आणि त्यांना पाणी घालायला रोज टँकर येतो. उजेड यावा म्हणून भिंतभर काचा, ऊन लागतं म्हणून जाड पडदे, पडद्यांनी अंधार होतो म्हणून दिवे. दिवे हुशार, माणूस दिसलं की पेटतात. मी चार वेळा उगाच जाऊन पेटवून आले. खाली टीव्हीसारखा एक बोर्ड आहे, आज सूर्याने किती वीज दिली त्याचा आकडा त्यावर वाढत असतो. मी हात जोडले त्याला.

मंदार तिथला सेक्रेटरी. गुरुवारी तपासणीवाले येणार होते. त्यांनी हरित असल्याचा दाखला दिला की मंदारने ताब्याच्या कागदावर सही करायची आणि बिल्डर मोकळा. पुढे काही बंद पडलं तर रहिवाशांनी निस्तरायचं. मंदारला ती सही करायची नव्हती. सूर्याची वीज आहे तर जिन्यातल्या दिव्यांचं बिल कमी का येत नाही, हे तो वर्षभर विचारत होता आणि बिल्डरचा माणूस गच्चीतल्या काचांवर धूळ बसते म्हणून सांगत होता. हाताशी पुरावा काही नाही.

माझी अडचण निराळी. सांडग्यांसाठी मुगाची डाळ वाटून ठेवलेली आणि गॅलरीत काही वाळत घालायचं नाही असा नियम. इमारतीची शोभा जाते म्हणे. कपडेसुद्धा विजेच्या यंत्रात वाळवतात. सूनबाई म्हणाली, आई, आजचा गुरुवार जाऊ द्या. पण वाटलेली डाळ कुणाच्या तपासणीसाठी थांबते होय?

सातला गच्चीत गेले. तिथे आठ काळ्या काचा उन्हाकडे तोंड करून मांडलेल्या. इतकी स्वच्छ जागा आमच्या अख्ख्या पेठेत नाही. दोन जुन्या नऊवारी ओल्या करून आठही काचांवर ताणल्या, टोकं नाड्यांनी बांधली आणि सांडगे घातले.

अकराला सगळे वर आले. तपासणीच्या बाई, बिल्डरचा टायवाला, मागे पेन घेऊन मंदार. त्याचा चेहराच उतरला. "आई, अगं काय केलंस हे?"

टायवाला गोड हसला. "सेक्रेटरीसाहेब, दाखला अडला तर आमच्याकडे बोट दाखवायचं नाही."

बाईंनी एक सांडगा दाबून पाहिला. "आजी, हे कधीपासून आहेत?"

"सातपासून. होत आले कडक."

"मग खाली बोर्डावरचा आकडा कशाने वाढतोय?"

टायवाला म्हणाला, "मॅडम, ढगाळ हवेतही थोडी वीज बनते."

"ढग नाहीत हो ते," मी म्हटलं, "सांडगे आहेत."

बाई काचांखाली वाकल्या. तारांची टोकं नुसतीच लोंबत होती, कशालाच जोडलेली नव्हती. मंदारने पेनाला टोपण लावलं. ते लागल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि मला हल्ली फारसं ऐकू येत नाही.

शुक्रवारी घरी परतले. कुमुदवहिनींना वाटीभर सांडगे दिले. जोशीकाकूंचा कढीपत्ता राहिला, त्या भिंतीवरचं एकही पान फोडणीत घालण्यासारखं नव्हतं. मला मात्र ती गच्ची अजून दिसते. साड्या तिथेच धुऊन, घडी करून आणल्यात, कपाटात ठेवलेल्या नाहीत. गुरुवारी निघताना तपासणीच्या बाई टायवाल्याला म्हणाल्या होत्या, तारा जोडून ठेवा, मंगळवारी अकराला पुन्हा येते. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आजी, तुम्हीही या, साड्या घेऊन. झाकल्यावर आकडा थांबतो का ते बघायचंय."