उलव्यातल्या भिंतीवरचा मामा

कोपरखैरण्याहून उलव्याला गाडीने पाऊण तास लागतो. मला तीन आठवडे लागले.

कारण सांगते. गणपतीत मी या ब्लॉगवर एक फोटो टाकला होता. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. खाडीच्या काठाला कौलारू घरं, मिठाच्या पांढऱ्या राशी आणि बांधावरून पाठमोरा चालत जाणारा एक माणूस, डोक्यावर टोपली. खाली मी लिहिलं होतं, ‘हे माझं आजोळ. आणि हा बहुतेक माझा पांडूमामा.’ मग ‘बहुतेक’ मीच खोडलं. त्याच्याशिवाय वाक्य जास्त छान वाटत होतं.

माझं आजोळ आता नकाशावर नाही. तिथे विमानतळ आहे. गाव हललं तेव्हा मावशीच्या ट्रंकेतून मामाचा एकुलता एक फोटो गहाळ झाला. आईच्या लग्नात काढलेला, नव्या शर्टातला. मामा मिठागरावर कामाला होता. मी सात वर्षांची असताना तो काविळीने गेला, लग्न व्हायच्या आधीच. आईही आता नाही. मामाचा चेहरा जिने पुरेपूर पाहिला आहे, अशी आमच्या घरात एकच व्यक्ती उरली आहे, ती म्हणजे आईची धाकटी बहीण, शेवंतामावशी. म्हणून बांधावरचा तो फोटो मावशीच्या मोबाइलवरून आला, तेव्हा मी शंकाच घेतली नाही. मावशीने पाठवलाय ना!

नोव्हेंबरात एका वाचकाची कॉमेंट आली. अगदी सभ्य भाषेत. ‘ताई, बांधावरच्या माणसाची सावली पाण्याकडे पडली आहे आणि घरांची सावली बरोबर उलटी. हे चित्र एआयने केलेलं दिसतं.’

मला राग आला. मग मी फोटो मोठा करून पाहिला आणि एकेक गोष्ट हातातून निसटत गेली. कौलं एकमेकांत विरघळली होती. एका घराला दार होतं पण उंबरठ्याच्या जागी पाणी होतं. होडी काठाला लागलेली होती पण दोर कशालाच बांधलेला नव्हता. मामाच्या पायांत एकच चप्पल होती.

त्या रात्री मावशीच्या सुनेला, प्रणालीला, फोन केला. म्हटलं, तो फोटो मावशीला कोणी पाठवला?

“गावाच्या ग्रुपवर आलेला. पण आईंना तुम्ही लिहिलेलं खूप आवडलं हां ताई. मी वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्रेम करून आणली. सर्वपित्रीला पान पण त्याच्यासमोर ठेवलं.”

आमच्याकडे सर्वपित्रीला गेलेल्यांच्या नावाने पान वाढतात. मामाला मूलबाळ नाही, म्हणून त्याचं पान मावशी वाढते. फोटो हरवल्यापासून ती ते भिंतीवरच्या एका रिकाम्या खिळ्यासमोर ठेवायची. यंदा तिथे तो टोपलीवाला होता. मावशीने पाठवलं म्हणून मी खरं मानलं, मी लिहिलं म्हणून मावशीने खरं मानलं, आणि मामाच्या वाटचा भात एका कोणीच नसलेल्या माणसाला गेला.

हे तिला फोनवर सांगता येईना. म्हणून डिसेंबरातल्या एका शनिवारी निघाले.

शनिवार

जायचं असेल तर सकाळी लवकर निघा. कोपरखैरण्यातल्या आमच्या बोनकोड्याहून वाशीला येऊन पाम बीच रोड धरला की नेरूळपर्यंत रस्ता गुळगुळीत. थंडीत उजव्या हाताला पाणथळीत रोहित पक्षी दिसतात, पण गाडी मध्येच थांबवू नका, मागून शिव्या येतात. बेलापूरच्या किल्ला चौकात उजवीकडे वळून उरणकडे जाणारा रस्ता घ्यायचा. इथून पुढे कंटेनरवाले ट्रेलर तुमचे सोबती. द्रोणागिरीच्या गोदामांकडे निघालेले असतात ते, आणि आपण छोट्या गाडीत बसलोय हे त्यांना दिसत नाही असं गृहीत धरावं. खाडीवरचा पूल ओलांडल्यावर डाव्या हाताच्या टपरीवर चहा मिळाला. आलं भरपूर. वीस रुपये.

उलवं प्रत्येक खेपेला वेगळंच दिसतं. गेल्या वेळी जिथे वळले होते, त्या कोपऱ्यावर आता सात मजली इमारत होती. मी दोनदा चुकले. आधी इथून एक टेकडी दिसायची आणि टेकडी डावीकडे ठेवली की रस्ता बरोबर यायचा. विमानतळासाठी ती फोडली. आता मोबाइलवाली बाई सांगते तिकडे वळायचं.

मावशीचं घर गावाच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर आहे. खाली गाळे, वर भाडेकरू, तिसऱ्या मजल्यावर मावशी.

“आलीस गो बाय? किती वालली हायेस. घरी जेवतंस की नुसती लिवतंस?”

ती हसली. मी तिच्या खांद्यावरून भिंतीकडे पाहिलं. मावशीचे सासूसासरे, तिचे यजमान, माझी आई. आणि त्यांच्या शेजारी सोनेरी फ्रेममध्ये बांध, खाडी आणि ती पाठ. झेंडूचा हार ताजा होता.

“बग,” मावशी म्हणाली, “आता दादा पन आला सगल्यांच्यात.”

मी चपला काढत उगाच वाकून बसले.

जेवायला निवट्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. खाडीच्या चिखलातला हा मासा आता बाजारात सहज मिळत नाही. मावशीने माझ्यासाठी कुठून तरी मिळवला होता. असं जेवण घातलेल्या बाईला काय सांगणार? मी दुसरी भाकरी घेतली.

संध्याकाळी गच्चीवर जुन्या गावचे शेजारी जमले. मी आले म्हणून मावशीने फ्रेम वर आणली आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर पाहुण्यासारखी बसवली. खालच्या गल्लीतले जनूकाका वाकून बघत म्हणाले, “ह्यो तिसरा घर आमचा.”

“तुमचा?” हिराबाई कडाडल्या. त्या मावशीच्या समोरच्याच इमारतीत राहतात. “तिसरा आमचा हाय. तुमच्या घरावर तर पेंढा व्हता, कौलं कवा आली?”

“आल्ती कौलं. तुना वास्तुशांतीला बोलवला नाय म्हनून अजून राग हाय तुना.”

“बोलवला असतास तरी आली नसती. तुमच्याकडचा मटन नुसता पानी!”

सगळे हसले. मग दोघंही पुन्हा त्याच घराकडे टक लावून बघत बसले. जनूकाकांनी काचेवर बोट टेकवलं आणि तिथेच ठेवलं. हसू ओसरून गेलं तरी बोट काढलं नाही. माझ्या लक्षात आलं, की इथे आलेल्या प्रत्येकाला या चित्रात घर सापडतं, कारण प्रत्येकाला घर हवं आहे. मलाही मामा असाच सापडला होता.

रविवार

सकाळी मावशी देवपूजेत असताना प्रणालीने मला फ्लेक्सच्या दुकानात नेलं. ग्रुपवर तो फोटो सगळ्यात आधी टाकणारे दिनेशभाऊ तिथे वाढदिवसाचा बॅनर छापत होते. पन्नाशीचे, आमच्याच गावचे. मी ओळख सांगितल्यावर त्यांनी मशीन बंद केलं.

“मीच बनवलाय तो, ताई. ग्रुपवर रोज कोणीतरी विचारायचं, गावाचा जुना फोटो आहे का कोणाकडे. कोणाकडेच नाही. तेव्हा कॅमेरा होता कोणाकडे? मग मी मोबाइलमध्ये टाइप केलं, खाडी, मिठागर, बांध, कौलारू घरं. अर्ध्या मिनटात आलं.”

“सांगितलं नाहीत?”

“सांगितलं ना. खाली लिहिलेलं, एआयने बनवलंय. पुढे पाठवताना कोणीतरी तेवढी पट्टी कापली. नंतर लोक रडायला लागले. माझी आई पण रडली. आता रडणाऱ्या माणसाला जाऊन सांगू, की थांब, हे खोटं आहे?”

मी तरी कालपासून काय करत होते?

“आणि तो माणूस?” मी विचारलं. “टोपलीवाला?”

दिनेशभाऊंनी मान हलवली. “माणूस मी टाइपच नव्हता केला. तो आपोआप आला.”

परत येताना प्रणाली म्हणाली, “ताई, नका ना सांगू. खूश आहेत त्या.” मी हो म्हटलं. खरंच म्हटलं. दुपारपर्यंत माझा तोच विचार होता.

चारच्या सुमाराला मावशी म्हणाली, चल, गाव बघून येऊ. ती अजूनही असंच म्हणते. तुम्हाला जायचं तर उलव्यातून विमानतळाच्या भिंतीच्या कडेकडेने जाणारा रस्ता आहे. रविवारी तिथे विमानं बघायला लोक येतात, भुट्टे, कुल्फी, सगळं मिळतं. पाणी मात्र जवळ ठेवा, सावलीला झाड नाही. आम्ही गाडी कडेला लावली. मावशी भिंतीपाशी उभी राहून बोटाने शोधू लागली.

“तिकरं देऊल. नाय, तिकरं. टेकरी असती तं सांगितला असता बरोबर.” मग हात खाली आला. “आता फोटोत बगायचा. फोटोत बरा दिसतो दादा. कसा ताठ चालतंय.”

‘ताठ’ हा शब्द मला लागला. हा फोटो येईपर्यंत तिच्या बोलण्यात मामाचं चालणं कधी नव्हतं. ते तिने चित्रातून घेतलं होतं. मी अजून गप्प बसले असते, तर पुढच्या सर्वपित्रीपर्यंत तिच्याकडे दुसरं काहीच उरलं नसतं. आणि तिच्याकडे नाही, म्हणजे जगात कुठेच नाही.

मी सांगितलं. मशीन, दिनेशभाऊ, कापलेली पट्टी, सगळं. एक विमान डोक्यावरून गेलं, म्हणून शेवटचं वाक्य दोनदा सांगावं लागलं.

“तो मामा नाही, मावशी. तो कोणीच नाही.”

ती माझ्याकडे वळली. “मंग तू कशाला लिवलास, यो मामा म्हनून?”

“मला वाटलं तसं.”

“वाटला म्हनून लिवतंस? सुजू, तू शिकलेली. मी तुज्या भरवशावर हार घातला त्याला.”

इतकी वर्षं लिहिते आहे, पण इतकं खरं कोणी मला ऐकवलं नव्हतं. मी माफी मागितली. ती ऐकत नव्हती. डोळे मिटून उभी होती, आणि मग घाबऱ्या आवाजात म्हणाली, “मंग माजा दादा कसा व्हता? सांग. डोले मिटले तं यो टोपलीवालाच येतंय.”

“मला चेहरा आठवत नाही ग. त्याने खांद्यावर घेतलेलं आठवतं फक्त.”

आम्ही गाडीच्या बॉनेटला टेकून उभ्या राहिलो. आणखी दोन विमानं गेली. शेजारच्या कुटुंबाने टाळ्या वाजवल्या.

“टोपली,” मावशी एकदम म्हणाली. “दादा टोपली डोक्यावर घेतच नव्हता. कावर घ्यायचा, दोन टोपल्यांची. डाव्या खांद्यावर. येवरा घट्टा व्हता हतं, गोटीसारखा.” तिने स्वतःच्या खांद्यावर मूठ ठेवली.

आणि माझ्या डाव्या मांडीखाली काहीतरी टोचलं. शपथेवर सांगते. मामाच्या खांद्यावर बसले की एका बाजूला काहीतरी टणक रुतायचं आणि मी सारखी सरकायची. ते काय होतं, हे मला आजवर माहीत नव्हतं. मी कधी कोणाला सांगितलंही नव्हतं.

मी मावशीला सांगितलं. तिने माझा हात धरला तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही. गिअर बदलताना पंचाईत झाली, पण मीही सोडवून घेतला नाही.

घरी गेल्यावर मला वाटलं, ती फ्रेम उतरवेल. ती समोर जाऊन उभी राहिली. “गावासारखा दिसतंय,” म्हणाली. “राऊ दे. जनूभाऊ येतात बगायला. पन हार कार तेचा.”

मी स्टुलावर चढून हार काढला. मावशीने तो आईच्या फोटोला घातला, आधीच्या हारावरच.

परत

रविवारी संध्याकाळी परतू नका. किल्ला चौकात पाऊण तास गेला. बरं झालं एका अर्थी. बोनकोड्याला पोचेपर्यंत मला पुरेसं रडून घेता आलं.

गणपतीतल्या त्या पोस्टवरून मी फोटो काढला आहे. जागा रिकामी ठेवली आहे. खाली लिहिलं आहे की मी चुकले, आणि कशी चुकले. मावशीने सांगितलेलं तेवढंच ठेवलंय. कावड, डावा खांदा, घट्टा. काही वाचकांनी कळवलं की फोटो खोटा असला तरी सुंदर होता, ठेवायला हवा होता. होता सुंदर, मला मान्य आहे. आजही कधी ब्लॉग उघडला की त्या रिकाम्या जागेपाशी माझं बोट थांबतं. आजोळी जायची इच्छा काही सावल्या उलट्या पडल्या म्हणून जात नाही.

गेल्या बुधवारी मी भाजी निवडत असताना मावशीचा फोन आला. हॅलो न म्हणताच तिने सुरुवात केली.

“अगो, येक आठवला. हसताना दादाचा येक डोला मिटायचा.”

माझे हात थांबले. “कुठला, मावशी? डावा की उजवा?”

मागे प्रणालीचा मिक्सर चालू होता. मावशी आठवत होती. खूप प्रयत्न करत होती, ते तिच्या श्वासावरून कळत होतं.

“ता नाय आठवत,” ती म्हणाली. “उगाच कायतरी नको लिऊस.”

नाही लिहिलं. हसताना मामाचा एक डोळा मिटायचा. कुठला, ते माहीत नाही.