उलट्या आट्यांचा नट

परवा नातवाची गाडी दोन दिवस गॅरेजात पडून होती. कारण काय, तर पॉवर स्टेअरिंगच्या पंपाची पुली बदलायची होती. मी म्हटलं, "अरे, एवढ्याशा पुलीला दोन दिवस?" तर तो म्हणाला, "आबा, तुम्ही कधी बदलली आहे का पुली?"

आता याला काय उत्तर द्यावं माणसानं? बदलली आहे ना! आयुष्यात एकदाच. पण ती कशी बदलली, हे नातवाला सांगण्यासारखं नाही. तुम्हाला सांगतो. चहा घ्या आधी.

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत, आणि गडचिरोली हे त्याच जिल्ह्यातलं एक लहान गाव होतं. आम्ही राहायचो नागभीडपासून तीन कोसांवर. धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मोहाची झाडं आणि गावाला लागून मोठा तलाव. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती, पण आमचे मालगुजार लोकांच्या तोंडी अजून 'मालक'च होते. आणि मालकांकडे होती मोटार! लढाईच्या आधीची, विलायती. जंगल खात्यातला एक गोरा साहेब देश सोडून जाताना त्यांना देऊन गेलेला.

तिच्या स्टेअरिंगला पंपबिंप काही नव्हतं. पंप म्हणजे माझे दोन खांदे! वळण आलं की मी आधी देवाचं नाव घ्यायचो, मग चाकाला झोंबायचो.

मी, किसना, त्या गाडीचा ड्रायव्हर. वय बावीस. नागपूरच्या एका गॅरेजात तीन महिने राहून आलो होतो. तिथं काय शिकलो म्हणता? गाड्या धुवायला. पण गावात सांगितलं, 'मेकॅनिकी शिकून आलो.' खाकी शर्टाच्या खिशात एक पेचकस दिसेल असा खोचला, की झालो मेकॅनिक. विचारतो कोण?

तर मालकांच्या धाकट्या मुलीचं, यमूताईचं लग्न निघालं. नवरदेव मूल गावचा, शाळेत मास्तर. वऱ्हाड रेल्वेनं नागभीडला उतरणार, वऱ्हाडी बैलगाड्यांतून येणार आणि नवरदेव एकटा मोटारीत. गोरज मुहूर्त. 'जावई मोटारीतून येणार' हे मालकांनी दहा गावांत सांगून ठेवलेलं.

आणि नेमकी तेव्हाच गाडीच्या पंख्याची पुली फुटली. तिची कड तुटली, पट्टा घसरायला लागला आणि मैलभर गेलं की गाडी किटलीसारखी वाफ सोडायची. मालकांनी नागपूरहून नवी पुली आणवली आणि मला विचारलं, "किसना, मिस्त्री बलावू का नागपूरचा?"

"कायले जी मालक? मी आहो ना!"

तेवढे तीन शब्द मी गिळले असते तर!

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आंब्याच्या सावलीत उभी केली. चाकाखाली एक दगड लावला. बॉनेट उघडलं. बघता बघता अर्धं गाव जमलं. पुलीच्या मधोमध एकच नट. त्याला पाना लावला आणि जगातला कुठलाही नट ज्या बाजूनं उघडतो त्या बाजूनं फिरवला.

नट जागचा हलेना.

शेजारी आमचा कवडू लोहार. त्यानं पुली फिरू नये म्हणून लाकडाची पाचर धरून ठेवलेली. "काऊन रे किसना, निंगून नाई राह्यला का?"

"गंजला आहे भाऊ. घासलेट टाकू."

घासलेट टाकलं. मोहाच्या बियांचं तेल टाकलं. कोणी म्हणालं नारळ फोडा, तर तोही फोडला. मग पान्याला लोखंडी नळी अडकवली आणि चौघं लोंबकळलो.

"हालला बे, हालला!" मी ओरडलो.

खरंच हलला होता हो! कोणत्या बाजूला, ते पुढं कळेलच.

दुपारपर्यंत गावातला एकही दांडगा माणूस उरला नाही ज्यानं त्या नटाला हात लावला नाही. शेवटी माझ्या नागपुरी डोक्यातून कल्पना निघाली. "बैल लावा!"

कवडू म्हणाला, "किसना, बैल नांगराले असते. नटाले नाई."

"भाऊ, मेकॅनिक कोण आहे? तू का मी?"

तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांकडून जाड दोर आणला. एक टोक नळीला, दुसरं जुवाला. बैल तलावाच्या बाजूला उभे केले, कारण तिकडे उतार, ओढायला सोपं. हाकणाऱ्यानं शेपट्या पिरगाळल्या, बैलांनी मान खाली घातली आणि जोर लावला.

नट हलला नाही. गाडी हलली.

दगड मी लावला होता, नाही कोण म्हणतो? पण गावाच्या बाजूला लावला होता. तलावाच्या बाजूला नाही. गाडी पाळीवरून ऐटीत उतरली, बैल जीव घेऊन बाजूला पळाले, दोर सुटला आणि ती विलायती बाई थेट दिव्यांपर्यंत पाण्यात जाऊन उभी राहिली.

पाण्यात एक म्हातारा ढिवर जाळं घेऊन उभा होता. त्यानं गाडीकडं पाहिलं, जाळ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "हे मासोळी नाई मावत बाप्पा याच्यात."

वीस माणसांनी ओढून गाडी पाळीवर आणली. मालक नशिबानं बाजाराला नागभीडला गेलेले. मी डोक्याला हात लावून बसलो होतो, तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. नागभीडच्या दवाखान्यातल्या नर्सबाई. गावोगाव सायकलनं हिंडून बाळंतपणं करायच्या. गावातली अर्धी पोरं त्यांच्याच हातची.

"का झालं किसनाभाऊ?"

"नट निघून नाई राह्यला बाई."

"कोण्या बाजूनं फिरवता?"

मला हसूच आलं. "बाई, नट साऱ्या जगात एकाच बाजूनं निघते."

बाईंनी सायकल आडवी केली आणि डाव्या पायडलवर बोट ठेवलं. "हे पायडल उलटं निघते. याचे आटेच उलटे. फिरता फिरता खुलू नये म्हणून. तुमच्या पंख्याचंबी तसंच असंल."

मी म्हणणार होतो, बाई, तुम्ही आपली बाळंतपणं करा. पण कवडूनं गुपचूप पाना उलटा लावला आणि वर घणाचा एक ठोका दिला.

कट्ट!

नट सैल. म्हणजे सकाळपासून अख्खं गाव, चार पहिलवान आणि एक बैलजोडी मिळून आम्ही तो आवळत होतो!

नवी पुली बसवली. कवडूनं समोर उभं राहून नट नीट आवळून घेतला. गाडी उन्हात वाळवली, हँडल मारून मारून संध्याकाळी चालू केली. जिंकलो!

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मनात आलं, एकदा नट पाहून घ्यावा. मोठं काम आहे, कुचराई नको. पाना लावला, सवयीनं, जगातला कुठलाही नट ज्या बाजूनं आवळतो त्या बाजूनं जोर दिला, तर नट चांगला दोन फेरे फिरला. मी मनात म्हटलं, बघा! ढिलाच होता. बरं झालं पाहिलं!

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं.

मालकांनी मला नवा पांढरा सदरा आणि फेटा दिला होता. गाडीला झेंडूच्या माळा. नागभीडला नवरदेवाला घेतलं. बैलगाड्या पुढं निघाल्या, आम्ही मागून रुबाबात. दीड कोस आलो आणि 'खण्ण!' असा आवाज झाला.

"का झालं भाऊ?" नवरदेव.

"काई नाई जी. थोडा पंखा गेला."

"कुठी गेला?"

मी बांधीकडं बोट दाखवलं. पंखा पुलीसकट धानात पडला होता.

सूर्य खाली चाललेला. आसपास चिटपाखरू नाही. नवरदेवाचं तोंड बघवेना. तेवढ्यात मागून घंटी! नर्सबाई लग्नालाच निघाल्या होत्या. मास्तरांना सायकल येत नव्हती. म्हणून बाई पुढं आणि नवरदेव मागं कॅरिअरवर, शेला सावरत. जाताना नवरदेवानं गळ्यातला मोठा हार काढून माझ्या हातात दिला. "चाकात अटकंल जी, तुमीच आना."

मग मागं राहिलेली सामानाची शेवटची बैलगाडी आली, तिचे बैल मोटारीला जुंपले आणि मी स्टेअरिंगचं चाक धरून बसलो. त्या चाकाला दोन्ही हात लागत, म्हणून हार घातला गळ्यात. सुरक्षित राहील!

नर्सबाईंनी नवरदेवाला मागच्या गल्लीनं नेऊन विहिरीवर तोंड धुवायला बसवलं होतं. पुढच्या वाटेवर सगळा गाव मोटारीची वाट पाहत होता. मोटार दिसली आणि वाजंत्री सुरू! फटाके! मी नको नको म्हणून हात हलवतोय, लोकांना वाटतंय नवरदेव नमस्कार करतोय. मालकांची म्हातारी आत्या, तिला कमी दिसायचं, ओवाळणीचं ताट घेऊन पुढं आली. माझ्या कपाळाला कुंकू लावलं, दिवा ओवाळला, तोंडात साखर घातली आणि मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सावळा आहे जी नवरदेव, पन नाकीडोळी बरा आहे!"

बोलायला हवं होतं मी. पण तोंडात साखर होती. आणि खरं सांगू? तेवढ्या मानानं मला तोपर्यंत कोणी पाहिलं नव्हतं.

शेवटी माडीवरून यमूताईच किंचाळली, "आजी, थो किसना आहे वो!"

आता त्या गर्दीतलं कोणी उरलं नाही. कवडू गेला, नर्सबाई गेल्या, मोटार भंगारात गेली. तलाव तेवढा आहे. पण तेव्हा गावभर पिकलेलं हसू अजून कानात आहे बघा. मुहूर्त टळला नाही, लग्न झोकात झालं. मी मात्र मांडवाच्या खांबाआड लपून बसलो होतो. अक्षता पडल्यावर मालकांनी शोधून काढलंच. वाटलं, आता चाबूक निघतो.

मालकांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरीनं ओळखलं म्हणून बरं झालं बाप्पा. तुह्या भरवशावर राह्यलो असतो, तं मंगलाष्टकं सरेपर्यंत तू काई बोलला नसता, अन् मले तुलेच जावई करून घ्या लागलं असतं!"