साडूंची बिनविसाव्याची सायकल

माझ्या साडूंइतका सोयींचा वैरी उभ्या दिल्लीत दुसरा सापडणार नाही. जे काम सहज झालं ते नीट झालेलंच नसणार, असं त्यांचं ठाम मत आहे. गुरुग्रामला आमच्या सोसायटीत आले की ते लिफ्टकडे ढुंकूनही न बघता अकरा मजले चढून येतात आणि दारात उभे राहून पाच मिनिटं नुसत्या हातवाऱ्यांनी बोलतात. दाढी वस्तऱ्यानं करतात, त्यामुळे घरातल्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत त्यांच्या हनुवटीवर कापसाचा बोळा आहे. मिक्सर असताना चटणी ते स्वतः पाट्यावर वाटतात. एकदा त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या शर्माबाई धावत वर आल्या, "भाभीजी, भूकंप तो नहीं आया?" साडूंनी त्यांना वाटीभर चटणी दिली. "टेस्ट कीजिए, फिर बोलिए." त्यानंतर शर्माबाईंची तक्रार बंद झाली आणि वाटी मात्र दर आठवड्याला वर येऊ लागली.

साडूंची नोकरी केंद्र सरकारची, क्वार्टर सरोजिनी नगरात आणि ऑफिस कस्तुरबा गांधी मार्गाच्या बाजूला. माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या ताई, त्याच भागात एका वाचनालयात कामाला होत्या. वीस वर्षं दोघं एकाच स्कूटरवरून गेली आणि आली. मग दिल्लीत जुन्या गाड्यांना रस्ता बंद झाला, स्कूटर भंगारात गेली आणि ताई मेट्रोनं जाऊ लागल्या. साडूंना त्यांनी खूप समजावलं. "मेट्रोत मी करायचं काय?" साडू म्हणाले. "नुसतं उभं राहायचं? गाडी आपली आपण चालते!"

आमच्या सोसायटीतला एक तरुण इंजिनिअर सायकल विकत होता, हे त्यांना सांगण्याची चूक माझीच. साधी काळी सायकल, ना गिअर, ना कॅरिअर. इंजिनिअर बिचारा प्रामाणिक होता. "अंकल, ये नॉर्मल सायकल नहीं है. इसमें चक्का घूमेगा तो पैडल भी घूमेगा. पाँव रोक नहीं सकते." म्हणजे साध्या सायकलवर आपण पाय थांबवून नुसतं वाऱ्यावर जातो, तसं हिच्यावर जमत नाही. मागचं चाक आणि पायडलं एकमेकांना बांधलेली. थांबायचं असलं की पायांनीच उलटा जोर लावायचा.

साडूंचे डोळे चमकले. "मतलब ढलान पर भी आराम नहीं?"

"नहीं अंकल."

"बहुत बढ़िया. दे दो."

पुढच्या चाकाचा ब्रेक काढून टाकायचा त्यांचा विचार होता. "ब्रेक निघाला तर मीही निघाले," असं ताईंनी सांगितल्यावर तो राहिला.

शिक्षण दर रविवारी सकाळी कॉलनीतल्या बागेभोवती चालायचं. पहिल्या दिवशी स्पीडब्रेकर आला म्हणून लहानपणच्या सवयीनं त्यांनी पाय थांबवले. पायडलांनी ते मानलं नाही. साडू उडून मेंदीच्या कुंपणात जाऊन बसले आणि तिथूनच मला म्हणाले, "बघितलंत? शिस्त आहे हिला." दुसऱ्या रविवारी चालवणं बरंच जमलं होतं, थांबणं जमलं नव्हतं. मी आणि ताई बाकावर चहा घेत बसलो होतो. ताईंनी विचारलं, "अहो, पोहे टाकू का?" उत्तर पुढच्या फेरीला आलं, "टाक!" त्यापुढच्या फेरीला, "पण थांबायचं कसं..." आणि त्याच्याही पुढच्या फेरीला, "...ते अजून ठरलेलं नाही!" अखेर एका कडुलिंबाला मिठी मारून ते थांबले. सायकल थोडी पुढे जाऊन पडली. पोहे गार झाले होते, ते त्यांनी तसेच आवडीनं खाल्ले.

पुढे ते ऑफिसला जाऊ लागले. पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून तिला कपडे वाळत घालायचे चिमटे लावत, आणि एकदा तसेच ते एका मोठ्या मीटिंगला जाऊन बसले. सेक्रेटरीसाहेबांनी चिमट्यांकडे पाहिलं, पण विचारायचं धाडस त्यांनाही झालं नाही. चिमटे पँटचे होते, बुटाच्या नाडीचे नव्हते. एका गोल चक्करजवळ नाडी चेनमध्ये गेली आणि चाक काही थांबेना. ट्रॅफिक हवालदारानं त्यांना सोडवलं तोवर मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर.

ताई मला म्हणाल्या, "तुम्ही तरी सांगा हो. पुढच्या वेळी मनगटावर भागणार नाही." मी सांगायला गेलो. म्हटलं, सायकलच हवी तर साधी घ्या.

"वीस वर्षं ही मागे बसायची," साडू म्हणाले. "सिग्नलला गाडी थांबली की पाठीमागून काहीतरी बोलायची. साध्या सायकलवर पाय जरा थांबले की नेमकं तेच आठवेल. हिच्यावर सवडच मिळत नाही." मग एकदम, "चहा घेणार ना?"

मी हे बायकोला सांगितलं, म्हणजे तासाभरात ते ताईंपर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी त्या सरोजिनीच्या बाजारात गेल्या आणि बिननाडीचे बूट घेऊन आल्या.

त्यानंतर साडू पडले नाहीत. सिग्नलला पाय न टेकता जागच्या जागी तोल सांभाळून उभं राहण्यापर्यंत त्यांची मजल गेली. एका ऑटोवाल्यानं विचारलं, "वाह अंकल, पहले सर्कस में थे क्या?" साडू पुढे बघतच म्हणाले, "नहीं. मिनिस्ट्री में हूँ."

गेल्या फेब्रुवारीत ते निवृत्त झाले. गळ्यात हार घालून सायकलवरून घरी जाणार, असं ते महिनाभर सगळ्यांना सांगत होते. समारंभाला मी गेलो होतो, ताई मेट्रोनं आल्या होत्या. दुखऱ्या गुडघ्यामुळे त्यांना जिना उतरायला वेळ लागला. फाटकाशी ऑफिसनं निरोपाची गाडी उभी केली होती आणि भिंतीला टेकवून सायकल. साडूंनी वाकून पँटला एक चिमटा लावलासुद्धा.

"तुम्ही या सावकाश सायकलवरून," ताई म्हणाल्या. "मी पुढे जाऊन चहा टाकते." त्या गाडीत मागे बसल्या आणि शेजारी जागा ठेवून पलीकडे सरकल्या.

साडू क्षणभर तसेच वाकलेले राहिले. मग त्यांनी चिमटा काढून माझ्या हातात दिला. "तुम्ही आणा हिला. चालवू नका, पडाल. हातात धरून आणा." आणि ते गाडीत बसले.

ऑफिसं सुटायची वेळ होती. पुढच्याच सिग्नलला गाडी अडकली आणि मी सायकल ढकलत फुटपाथवरून तिच्यापर्यंत पोचलो. मागच्या काचेतून दोघांची डोकी दिसत होती. ताई काहीतरी बोलत होत्या आणि साडू मान किंचित मागे टाकून ऐकत होते, जणू आवाज पाठीकडून येतोय. सिग्नल सुटला, गाडी वळली. सरोजिनी नगर बरंच लांब होतं. सायकल हातात धरून नेली तरी तिची पायडलं फिरतातच, हे मला तेव्हा कळलं. दर आठ-दहा पावलांना एक येऊन नडगीवर लागत होतं.