पंखा मधोमध कापायचा असतो

लाकूड मेलेलं असतं, असं आमच्या वहिनींच्या वडिलांसमोर बोलून सहीसलामत सुटलेला माणूस नाशिक जिल्ह्यात नाही. झाड तोडलं तरी लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि माणसासारखंच आधी आतून तडकतं, असं ते सांगत. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी विमानांचे लाकडी प्रोपेलर तपासण्यात घालवली. प्रोपेलर हा शब्द मात्र त्यांनी कधी वापरला नाही; ते पंखाच म्हणत. निवृत्तीनंतर हौसेनं घरीच छोटी विमानं बांधणारे लोक त्यांच्याकडे येऊ लागले. असे लोक थोडे असतात, पण लांबून येतात. पंचवटीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात पाहुण्याआधी पंख्याला जागा मिळे. जुनं जाड रुपयाचं नाणं घेऊन ते पात्यावर इंचाइंचाला टकटक करत. आवाज बद्द आला की तिथे लाकडाचे थर सुटलेले. मग पंखा इंजिनाला आवळणाऱ्या बोल्टच्या भोकांना नाक लावत. बोल्ट सैल राहिला तर पंखा घासतो आणि लाकूड आतून जळतं. “करपलेल्या पोळीचा आणि जळक्या पंख्याचा वास एकच,” ते म्हणत. “पोळीला निदान तूप लावता येतं.”

ही तपासणी पंख्यांपुरती राहिली नाही. भावाच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते एकटक वर पाहत होते. मुलगी सासरी जाणार म्हणून डोळ्यांतलं पाणी आवरत असतील, असं आम्हाला वाटलं. अक्षता पडताच त्यांनी कार्यालयाच्या व्यवस्थापकाला गाठून सांगितलं, “तिसऱ्या पंख्याचं एक पातं बोटभर खाली फिरतंय. त्याच्याखालची पंगत उठवा.” पंगत उठली. विमानाचा पंखा उभा थांबवला की ओल खालच्या पात्यात उतरते आणि ती बाजू जड होते. म्हणून तो नेहमी आडवा थांबवायचा. हा नियम त्यांनी छत्री, काठी आणि लाटण्यालाही लावला. वहिनींनी तो माहेराहून आणला. आमच्या दारात आजही छत्र्या आडव्या पडलेल्या असतात आणि नवा पाहुणा एकदा तरी अडखळतो.

एका नियमामुळे मात्र लोक त्यांना घाबरत. नापास पंखा ते परत देत नसत. मालकासमोर, बोल्टच्या भोकांमधून, बरोबर मधोमध करवतीनं कापत. एकानं हात जोडले, “काका, उडवत नाही. भिंतीवर शोभेला लावतो.”

“शोभेला देवाचा फोटो लावा. भिंतीवरचा पंखा कधीतरी कोणीतरी खाली उतरवतोच.”

दुसऱ्यांचे पंखे कापणं सोपं असतं, एक बनवून दाखवावा, असं त्यांच्यामागे बोललं जाई. ते त्यांच्या कानावर होतं. सत्तरी उलटल्यावर त्यांनी एक पंखा बनवायला घेतला, चांदवडच्या दिलीपसाठी. दिलीप ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मेकॅनिक. त्यानं शेडमध्ये एका माणसापुरतं विमान बांधलं होतं. महोगनीच्या सात फळ्या एकावर एक चिकटवून काकांनी वर्षभर पंखा तासला. तोवर उजवा हात थरथरायला लागला होता. हा पहिला आणि शेवटचा, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. दसऱ्याच्या आठवडाभर आधी चांदवडला जाऊन त्यांनी तो स्वतःच पास केला.

दसऱ्याला सकाळी उड्डाण होतं. त्यांना गाडीनं मी घेऊन गेलो. माळावर मुरूम दाबून धावपट्टी केली होती. माणसं जमली होती. आदल्या दिवशी खंडेनवमीला दिलीपच्या आईनं इतर अवजारांबरोबर विमानाचीही पूजा केली होती. पंख्याला हळदकुंकू, झेंडूचा हार आणि हाराखाली लिंबू-मिरची. वरून पाहता ती हारालाच बांधल्यासारखी दिसत होती. दिलीप मागे पेट्रोल तपासत होता. काकांनी हार बाजूला केला. लिंबू-मिरची टांगायला पात्याच्या मुळाजवळ बारीक खिळा ठोकलेला होता.

“हे कोणी लावलं, बाई?” त्यांनी शेजारी उभ्या दिलीपच्या आईला हळू आवाजात विचारलं.

“म्याच. पोरगा इमानात बसणार, लय डोळे हायेत. नजर नाय लागली पाहिजे.”

“चांगलं केलंत,” काका म्हणाले.

बाई बाजूला झाल्यावर त्यांनी पकडीनं खिळा काढून खिशात टाकला, भिंग लावलं आणि नाणं वाजवलं. मीही भिंगातून पाहिलं. खिळ्यापासून लाकडाच्या रेषेनं केसाएवढी चीर गेली होती, दीड इंच. काका प्लास्टिकच्या खुर्चीवर थोडा वेळ बसले. मग त्यांनी हाक मारली.

“दिलीप, पंखा उतरव. नापास आहे.”

“काका, मागल्या हप्त्यात तुम्हीच पास केला ना!”

“चुकलं माझं. थरांचा जोड कच्चा राहिलाय.”

“सगळा गाव बोलावलाय. तोंड कसं दाखवू मी?”

“तोंड शाबूत राहिलं तर दाखवता येईल.”

दिलीपनं पाना घेतला. पंखा उतरला. दोन बाकांवर आडवा ठेवून काकांनी करवत लावली. “इतके दिवस लोकांचे कापले, आता सोताचाच कापतोय म्हातारा!” गर्दीतून कोणीतरी म्हणालं आणि माणसं हसली. हात थरथरत असल्यामुळे वेळ लागला. करवत मधोमध नव्हती, वीतभर बाजूला होती. खिळ्याचं भोक भुशात गेलं. उरलेली चीर कच्च्या जोडासारखीच दिसत होती. दिलीपनं तुकडा हातात घेतला, चिरेवरून बोट फिरवलं आणि काकांकडे पाहिलंही नाही.

परतताना त्यांनी तपासणीची वही काढून लिहिलं : जोड कच्चा. दोष बनवणाऱ्याचा. मी विचारलं, “खरं का नाही सांगितलं?”

“पोरगा जन्मभर आईला बोलला असता,” ते म्हणाले आणि खिळा माझ्या हातावर ठेवला. “हे वहीत येणार नाही.”

त्यानंतर त्यांच्याकडे तपासायला पंखा आला नाही. ज्याला स्वतःचा जोड कळला नाही त्याला आमचा काय कळणार, असं लोक म्हणाले. दिलीपनं पंखा बाहेरून मागवला आणि पुढच्या हिवाळ्यात उडाला. काकांना बोलावणं नव्हतं. कोरड्या हवेत बोल्ट पुन्हा आवळायला सांगा, एवढा निरोप त्यांनी माझ्याकडून पाठवला.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. दहाव्याला दिलीपची आई एकटीच एसटीनं आली. वहिनींजवळ बसून म्हणाली, “माणूस लय भला. पंखा तेवढा कच्चा केला. पण म्या लिंबू बांधलं व्हतं ना, म्हणून येळेवर दिसलं. त्या लिंबानंच वाचवलं माझ्या पोराला.”

“खरं आहे, मावशी,” मी म्हणालो.

खिळा माझ्या गाडीच्या खणात आहे. आडवा ठेवला आहे.