अंगठ्याखालची नक्षी

ती घटना मला डोक्याने कमी आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने जास्त आठवते. असं का म्हणतोय ते पुढे येईल. तेहतीस वर्षं खाकी घातली. शिपाई म्हणून लागलो आणि घासत घासत उपनिरीक्षक होऊन निवृत्त झालो. खून पाहिले, दरोडे पाहिले. पण घरी नातेवाईक जमले आणि "एखादी केस सांगा ना" म्हणाले, की मी एका जुन्या पेनाची केस सांगतो. लोकांचे चेहरे पडतात. पडू देत.

नावं कोणाचीच लिहिणार नाही, ठाण्याचंही नाही. फक्त एक नाव लिहावं लागेल, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट सांगताच येत नाही.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मुलुंडच्या बाजूला नेमणूक होती. सोमवारी सकाळची हजेरी आटोपून चहाचा कप उचलला, तोच पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ समोर येऊन बसले. बँकेत अधिकारी. अर्ज टाइप केलेला, तीन प्रती, वर वस्तूचा रंगीत फोटो टाचलेला. माणूस तीन प्रती घेऊन ठाण्यात आला की समजावं, आरोपी कोण ते हा घरूनच ठरवून आलाय.

चोरीला गेलं होतं शाईचं एक जुनं पेन. धातूचं, चांदीचा मुलामा दिलेलं. त्यांच्या वडिलांना नोकरीत कोणीतरी भेट दिलेलं. पेनाच्या अंगभर मशीनने कोरलेली बारीक नक्षी होती, जवाचे दाणे एकाला एक चिकटवून मांडावेत तशी. मध्ये नखाएवढी जागा कोरी सोडलेली. मालकाचं नाव घालायची ती जागा. नाव कोणी घातलंच नव्हतं. वडील जाऊन बारा वर्षं झाली होती, आई महिन्यापूर्वी गेली. दिवस-कार्य उरकल्यावर आईचं कपाट आवरायला घेतलं तर पेन नाही.

"संशय कोणावर?" मी विचारलं.

"आईला सांभाळायला बाई होती, मालवणकडची. चार वर्षं होती. त्या कपाटाला तिच्याशिवाय कोणी हात लावत नव्हतं."

"पेन वापरायचं कोण?"

"कोणीच नाही. बाबा बॉलपेनवाले. आणि आई... लिहायची सवयच नव्हती हो तिला. सहीपुरतं लिहायची, तेही वेडंवाकडं. फार शिकलेली नव्हती."

हे वाक्य मी जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्याच्याखाली रेघ मात्र मारली नाही. मारली असती तर पुढची पायपीट वाचली असती.

गंमत बघा, त्या बाईचा कागद आधीच माझ्या टेबलावर होता. तिला एका इस्पितळात मदतनीस म्हणून पक्की नोकरी लागत होती आणि चारित्र्य पडताळणीचा दाखला आमच्याकडून जायचा होता. मुदत त्या शनिवारपर्यंत. नवरा वॉचमन, पाय मोडून घरी बसलेला. पन्नाशीच्या बाईला पक्की नोकरी परत लागत नाही. मी गुन्हा दाखल केला की तिचा कागद लाल शेऱ्याने परत जाणार, एवढं सरळ होतं. म्हणून म्हटलं, आधी विचारपूस करू, मग गुन्हा.

तिला दुपारी बोलावली. शेजारी महिला शिपाई बसवली. बाई काळीसावळी, अंगाने बारीक, पदर घट्ट खोचलेला.

"बाई, पेन घेतलंस?"

"चोरूक नाय मी."

"मग कुठे आहे?"

दहा मिनिटं मी वेगवेगळ्या बाजूंनी विचारत राहिलो, ती फरशीकडे बघत राहिली. चोर पहिल्या झटक्याला "मला काय माहीत" म्हणतो. ती एकदाही तसं म्हणाली नाही. खरं म्हणजे तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मी घड्याळाकडे बघत होतो. सही घेतली आणि तिला घरी पाठवली. सही करायला तिला मिनिटभर लागलं. बॉलपेनने एकेक अक्षर कोरल्यासारखं काढलं तिने.

फोटो मी माझ्या ओळखीतल्या दोन-चार जणांना पाठवला होता. त्यात घाटकोपरला फुटपाथवर पेनं दुरुस्त करणारा एक म्हातारा होता. बुधवारी सकाळी त्याचाच फोन.

"साहेब, तुमचं नक्षीवालं पेन मरोळला आहे."

"तुला कोणी सांगितलं?"

"तिथला एक कोरीवकामवाला माझ्या ओळखीचा आहे ना. पेनाचा पुढचा भाग घट्ट बसलाय, न मोडता कसा उघडू, असं विचारून त्याने मला फोटो टाकलाय. तोच पीस आहे साहेब, शंभर टक्के."

तासाभरात मी दोन पंच घेऊन मरोळच्या औद्योगिक वसाहतीत. पत्र्याच्या गाळ्यात सत्तरीचा एक कारागीर बसला होता. कोपऱ्यात हाताने फिरवायचं जुनं नक्षीचं मशीन प्लॅस्टिकखाली झाकलेलं. समोर कॉम्प्युटरवालं नवं मशीन, त्यावर कंपन्यांच्या नंबर प्लेटा चाललेल्या. पेन त्याने लगेच काढून दिलं. आणणाऱ्या बाईचं वर्णन तंतोतंत जुळलं.

"विकायला आली होती?"

"नाही हो. नाव घालायला. मधे मी गावी गेलो, काम पडून राहिलं." त्याने ड्रॉवरमधून एक चिठ्ठी काढली. त्यावर शाईने एकच शब्द लिहिलेला होता: गोदावरी.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. चोरीच्या मालावर स्वतःच्या माणसाचं नाव कोरायला निघालेली चोर मी पहिल्यांदाच बघत होतो. पंचनामा केला, पेन आणि चिठ्ठी सीलबंद केली. कारागीर म्हणाला, "साहेब, या पेनाचं एक सांगू का?"

"उद्या जबाबाला या काका, तेव्हा सांगा." मी जीपमध्ये बसलोसुद्धा.

मग सुरू झाला गोदावरीचा शोध. साथीदार असणार, मुलगी असणार, भाची असणार. माझ्या हवालदाराने भांडुपला त्या बाईची अख्खी वस्ती पालथी घातली आणि संध्याकाळी घामाघूम होऊन परत आला.

"साहेब, दोन गोदावऱ्या सापडल्या."

"शाब्बास! कोण आहेत?"

"एक नव्वद वर्षांची आहे, अंथरुणाला खिळलेली. दुसरी वरच्या अंगाला एका घरची शेळी आहे."

सगळं ठाणं हसलं. मीही हसलो, पण आतून चिडलो होतो.

गुरुवारी सकाळी बाईला परत बोलावली. चिठ्ठीचा फोटो तिच्यापुढे धरला. "ही गोदावरी कोण तुझी?"

तिने त्या अक्षरांकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. "सायबानु, काय ता लिवा तुमी. मी सांगूचंय नाय. माका शपथ घातल्यानी."

"कोणी घातली शपथ?"

तिने पदर आणखी घट्ट खोचला.

"अगं, नोकरी जाईल तुझी. कळतंय का? शनिवार शेवटचा दिवस आहे!"

"जाऊंदे."

मी टेबलावर हात आपटला. तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. महिला शिपाई हळूच म्हणाली, "साहेब, ही खोटं नाही बोलत. खोटं बोलणारीने आधी नोकरी वाचवली असती." मी तिला म्हटलं, तुझं काम तू कर. पोरगी शहाणी होती, रजिस्टरकडे वळली. आज ती अधिकारी आहे, याचा मला अभिमान वाटतो.

दुपारी बाराला मरोळचा कारागीर जबाबाला आला. बसल्या बसल्या म्हणाला, "आधी पेन काढा. त्याशिवाय मी बोलणार नाही." मला म्हाताऱ्याची जिद्द आवडली. डायरीला नोंद केली, पंचांसमोर सील उघडलं. त्याने खिशातून भिंग काढून माझ्या हातात दिलं.

"ही नक्षी ठशाने दाबलेली नाहीये साहेब. मशीनवर एक रेघ, मग दुसरी रेघ, अशी कापलेली आहे. प्रत्येक दाण्याला धार असते. बोट फिरवून बघा."

फिरवलं. बारीक खरखर लागली.

"आता इथे."

पुढच्या टोकापासून थोडं वर, एका अंगाला, दाणे नव्हतेच. गुळगुळीत, देवळाच्या उंबरठ्यासारखं.

"कपाटात ठेवलेलं पेन असं झिजत नाही," तो म्हणाला. "यावर कोणीतरी वर्षानुवर्षं अंगठा टेकवून लिहिलंय."

"पण काका, हे पेन कोणी वापरतच नव्हतं."

"असं म्हणतंय कोण? तुम्ही निबची चीर वरच्या बाजूला ठेवून धरा बघू. लिहिताना धरता तसं."

मी धरलं. माझा अंगठा धारदार दाण्यांवर पडला. गुळगुळीत जागा दुसऱ्या बाजूला राहिली.

"आता डाव्या हातात घ्या."

घेतलं. अंगठा त्या जागेत असा जाऊन बसला, की माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कोणाच्यातरी हातात हात दिल्यासारखं वाटलं मला. आजही डाव्या हातात काही धरलं की तो गुळगुळीतपणा जाणवतो.

"डावखुऱ्या माणसाचं पेन आहे हे," कारागीर म्हणाला. "आणि ती चिठ्ठी बघितलीत का नीट? शाईच्या पेनाने लिहिलेली आहे. अक्षर किती सुरेख आहे बघा. ती बाई हे लिहिणारी वाटते तुम्हाला?"

तिची ती वेडीवाकडी सही माझ्याच फायलीत होती. कालपासून चिठ्ठी आणि सही एका फायलीत ठेवून मी शेळ्या शोधत होतो. धन्य!

तक्रारदारांना बोलावून घेतलं. "तुमच्या घरात डावखुरं कोण?"

"कोणीच नाही."

"तुमच्या आईचं माहेरचं नाव काय?"

त्यांनी आडनाव सांगितलं.

"आडनाव नको. नाव. लग्नात नाव बदललं असेल ना त्यांचं?"

सगळ्या कागदांवर आईचं सासरचं नाव होतं आणि तेच त्यांना ठाऊक होतं. "असेल बदललं," ते म्हणाले. "मी... कधी विचारलं नाही."

"विचारण्यासारखं कोणी आहे?"

बोरिवलीला मावशी होती, आईची धाकटी बहीण. त्यांनी फोन लावला, माझ्या सांगण्यावरून स्पीकरवर टाकला.

"मावशी, आईचं लग्नाआधीचं नाव काय होतं गं?"

"गोदी. गोदावरी. का रे, आज कुठून आठवलं तुला?"

मी डावा हात वर करून त्यांना खूण केली. "मावशी... आई डावरी होती?"

"म्हणजे काय! जन्माची डावरी. गोदीने सासरचा उंबरठा ओलांडल्याबरोबर तुझ्या आजीने तिचा डावा हात बंद केला. सुनेचा डावा हात अशुभ म्हणे. उजव्याने सही शिकवली, ती मेली सही तिला कधी धड आलीच नाही. पण मला दर महिन्याला पत्र यायचं रे तिचं. मोत्यासारखं अक्षर. अरे, तुला माहीत नाही?"

त्यांनी फोन बंद केला नाही, तसाच टेबलावर ठेवला. मावशी पलीकडून "हॅलो, हॅलो" करत राहिली.

मी स्वतः उठून बाहेर गेलो आणि बाकावरच्या बाईला आत आणलं. म्हटलं, "बाई, आता यांना सगळं कळलंय. शपथ सुटली तुमची." तिला 'तुम्ही' म्हणायला मला तीन दिवस लागले, हेही इथे लिहून ठेवतो.

तेव्हा ती बोलली. तक्रारदारांच्या आईला ती आजी म्हणायची. रोज दुपारी दार लावून आजी लिहीत बसायच्या. पत्र ही बाई टपालपेटीत टाकून यायची. शेवटच्या आजारपणात आजींनी चिठ्ठी लिहून तिच्या हातात दिली. म्हणाल्या, त्या रिकाम्या जागेत माझं नाव एकदा बघायचंय मला, आणि माझ्यामागे हे पेन तूच ठेव. पेन मरोळला दिल्याच्या तिसऱ्या दिवशी आजी गेल्या.

"पण मला का नाही सांगितलंस?" मुलगा म्हणाला. "मी तुझ्यावर चोरीचा आळ घेतला गं."

"झिलाक, म्हंजे तुमका, कळता नये, म्हणाल्यानी. लाज वाटा त्येंका."

"लाज? माझी? कशाची?"

"ता माका कित्याक इचारतास?" तिने पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "त्येंका इचारूचा होता. तुमी कधी इचारूक नाय."

पंचावन्न वर्षांचा माणूस ठाण्यात, शिपायांसमोर, लहान मुलासारखा रडला. बाईने पदराने स्वतःचे डोळे पुसले आणि मग त्यांना पाणी आणून दिलं.

अर्ज त्यांनी लेखी मागे घेतला. बाईचा दाखला मी शुक्रवारी सकाळी शिपायाच्या हाती धाडला, पोच घेऊनच परत ये म्हणून सांगितलं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "ऱ्हवांदे, सायबानु," आणि गेली.

पेन परत मरोळला गेलं. कारागिराने प्लॅस्टिक काढून जुनं मशीन पुसलं आणि विचारलं, झिजलेली नक्षी पुन्हा कापून देऊ का? मुलगा म्हणाला, त्या जागेला हात लावायचा नाही. कोऱ्या जागेत फक्त नाव आलं. मग त्यांनी स्वतः इस्पितळात जाऊन ते बाईच्या हातात ठेवलं.

तपासात किती, केव्हा, कोणाकडून, एवढंच विचारायची सवय लागते. कोण, हा प्रश्नही आम्ही आरोपीपुरता विचारतो. या केसने मला तेवढं दाखवून दिलं. पण ही गोष्ट मी अजून सांगतो ती त्यासाठी नाही.

त्या शुक्रवारी घरी गेलो, जेवलो आणि हात धुताना थांबलो. माझ्या आईचं माहेरचं नाव काय? आई जाऊन तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. बायकोला विचारलं, तिला माहीत नव्हतं. गावी चुलतभावाला फोन केला. तो म्हणाला, "आम्ही काकूच म्हणायचो रे." मामा राहिले नव्हते, मावशी राहिली नव्हती. त्या बँकवाल्यांना बोरिवलीला फोन तरी लावता आला. मला लावायला नंबरच नव्हता.

तेहतीस वर्षं समोर बसलेल्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारला, पूर्ण नाव सांगा. आईला विचारायचं राहिलं.