पाकळी उजवी पडली होती

हे मी कुणापाशी बोललेले नाही. भावजयीपाशी नाही, बाजारातल्या बायांपाशी नाही. देवीपाशीही नाही — तिला काय सांगायचं, ती तर समोरच होती. मी चौथीपर्यंत शिकले. तेवढ्या अक्षरांवर लिहिते आहे. गोड करून लिहिता येत नाही, आणि लिहायचंही नाही.

आधी मुलीबद्दल सांगते. मंगल माझी एकुलती एक. आम्ही डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीकाठच्या कोळीवाड्यात राहतो. बाजारात माझी मासळी विकायची जागा होती. ऐंशी साल उलटून गेलं होतं, मंगल दहा-अकरा वर्षांची असेल, तेव्हा तिचं डावं पाऊल आत वळायला लागलं. मग हात पाठीमागे पिळायला लागला. मग मान. कुणीतरी केसांना धरून मागे बघायला लावावं, तशी ती वळायची. झोपली की सगळं सरळ. जागी झाली की पुन्हा पीळ. हनुवटीला दोन बोटं नुसती टेकवली तरी क्षणभर मान जागेवर यायची, म्हणून काही लोक म्हणायचे, पोरगी ढोंग करते. बाकीचे म्हणायचे, अंगात येतं. मी दोन्ही ऐकून घेतलं. अंगारे लावले, धागे बांधले. नवरा तोवर वारला होता.

डोकं मात्र तिचं शाबूत, माझ्यापेक्षा तल्लख. जीभ तर त्याहून. एकदा बाजारात एकीने मस्करी केली, "मंगले, सारखी मागं काय बघतेस गो? नवरा शोधतेस का?" ही म्हणाली, "तुझाच बघते. मोकळा झाला का?" सगळ्या बाया हसल्या. ती अशी होती — हे मुद्दाम सांगते. मी कुणाचं वाटोळं केलं ते तुम्हाला कळायला हवं.

नव्वदची वर्षं संपत आली तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने आम्ही मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा आजाराला नाव दिलं — डिस्टोनिया. अंगात येणं नाही, ढोंग नाही. मेंदूतून स्नायूंना चुकीचे हुकूम जातात, म्हणून अंग पिळतं. त्यांनी एक नवीन उपाय सांगितला. मेंदूत खोलवर बारीक तारा बसवायच्या, तिथून वायर कातडीखालून छातीपर्यंत आणायची आणि छातीत कातडीखाली बॅटरी ठेवायची. बॅटरी आतल्या आत थोडी थोडी वीज देत राहणार, चुकीचे हुकूम दबणार. आजार जाणार नाही, पण पीळ सैल होईल, तोही हळूहळू. खर्च एक धर्मादाय संस्था बघणार होती. बाईंनी काही लपवलं नाही. डोक्याच्या हाडाला भोक पाडावं लागेल, म्हणाल्या. काही वेळ ती जागी असेल. क्वचित आत रक्त येतं, जिवावरही बेतू शकतं. घरच्यांची सही लागेल.

बाहेरच्या बाकावर खडवलीची सुमन बसली होती, मंगलहून थोडी मोठी. आजार तोच, मान उलट्या बाजूला. दोघी बसल्या तर एकमेकींकडे पाठ करून बसल्यासारख्या दिसायच्या, आणि त्याचंच दोघींना हसू येत होतं. सुमन म्हणाली, "तू आधी जा. तुझं बघून मी जाईन." मंगल म्हणाली, "वा गो! मेले तर मी, आणि शहाणी तू?"

ती हसली. मी तिचा हात धरून तिला बाकावरून उठवलं.

मी जन्मभर माशांची डोकी चिरत आले. डोक्यात काय असतं ते माझ्या हातांना ठाऊक आहे — किती मऊ असतं, बोट लागलं तरी कसं फुटतं. घरी आल्यावर मला दुसरं काही दिसेना. बांगडा चिरायला घेतला तर हात थांबायचा. पोरगी जागी आहे आणि तिच्या डोक्यात तार चालली आहे. ती आये म्हणून हाक मारेल का? मला ऐकू येईल का?

मंगलही घाबरली होती. पण तिची भीती वेगळी होती, तिला पुढे जायचं होतं. म्हणाली, "आये, गावदेवीला कौल लाव. ती हो म्हणाली तर मी घाबरनार नाय. सरळ जाऊन पडेन टेबलावर."

आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर देवीला विचारतात. भगत देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधी लगेच पडते, कधी बसून राहावं लागतं. धाकूमामा भगत म्हातारे झाले होते, गुडघ्यांनी बसवत नव्हतं. पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि म्हणाले, "बस गो तू. पडली का हाक मार." आणि बाहेर पारावर जाऊन जाळं विणत बसले. इतक्या वर्षांत कौलात कुणी हात घालेल, असं त्यांच्या मनातही आलं नसेल. कुणाच्या येईल?

मी बसले. हात जोडले होते, पण मागत काय होते? मागत होते — डावी पाड. डावी पाड.

उजवी पडली.

मी बघत राहिले. मग उठले, ती पाकळी उचलली, कलशाच्या पाण्यात बुडवली आणि होती तिथे पुन्हा चिकटवली. डावी काढून खाली टाकली. मग हाक मारली, "धाकूमामा, डावी!"

ते आत आले, बघितलं, देवीला नमस्कार केला. "नको म्हनते," म्हणाले.

पोरीच्या जिवाला भ्याले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. तिच्या जिवाला भ्याले असते तर तिला तसं सांगितलं असतं, रडले असते, भांडले असते. मी सहीला भ्याले. ती टेबलावर गेली असती तर कोळीवाडा म्हणाला असता, आईनेच सही करून मारली. जीव तिचा जाणार होता आणि मी माझ्या नावाला जपत होते.

मंगलला सांगितलं तेव्हा ती ओट्यावर एका हाताने कोलंबी सोलत होती. सोलत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "तिला दिसत असेल पुढचं." डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोलावलं तेव्हा मंगलनेच त्यांना सांगितलं, देवी नको म्हणाली. बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या मला विचारत होत्या, हे न कळण्याइतकी मी अडाणी नव्हते. मी जमिनीकडे बघत राहिले.

इथे थांबले असते तरी पुष्कळ होतं. पण अजून आहे. ह्याच्यासाठीच लिहायला बसले.

पुढच्या वर्षी सुमन बाजारात माझ्या जागेशी आली. आधी ओळखलीच नाही — समोर बघून चालत होती. मान थोडी कलती होती, पण समोर. केसांखालून कानामागे वायरीचा उंचवटा दिसत होता. "मावशी, मंगल कशी आहे? तिला भेटायचंय, घर कुठे तुमचं?" मी सांगितलं, मंगल मामाकडे अलिबागला असते. तिला पापलेट बांधून दिलं आणि वाटेला लावलं. दिवसभर एकच डोक्यात — कुणी तिला रस्ता दाखवला तर? ती आमच्या दारात उभी राहिली तर?

घरी आले. त्या दिवशी मंगलने काही विचारलं नाही. पुढे कधीतरी आपणहून विचारलं, "आये, ती खडवलीची सुमन, तिचं काय झालं गो?"

मी म्हणाले, "गेली. टेबलावरच."

असं म्हणाले मी. चांगल्या चालत्याबोलत्या बाईला मारली, आणि पुढ्यातला भात कालवत राहिले.

मंगल खूप रडली. मग तिने देवीला हात जोडले — एक हात पाठीमागे पिळलेला, तो पुढे आणायला तिला केवढा वेळ लागला. देवीने वाचवलं, म्हणाली.

आता तिचा कान खांद्याला टेकलेला असतो. घास मी भरवते. हनुवटीला बोट लावून आता काही होत नाही. माझं वय झालं आहे. माझ्यामागे तिला कोण भरवणार, ही एक भीती. आणि त्याहून मोठी भीती ही, की मी जायच्या आधी सुमन कधीतरी दारात येईल.

दरवर्षी गावदेवीच्या जत्रेला मंगल रिक्षा करून देवळात येते. कौल देऊन देवीने आपल्याला वाचवलं म्हणून नारळ वाहते. फोडायला तिचे हात चालत नाहीत. तो मी फोडते.